वसतिगृहाच्या भिंतीतली तार आणि आपले नेटवर्क कार्ड

प्रवेशफेऱ्या आटोपल्या की जुलै-ऑगस्टात कोकणातल्या घराघरांतून मुलांच्या बॅगा भरल्या जातात. देवगडचा मुलगा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात जातो, श्रीवर्धनची मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात, आणि कोणी रत्नागिरी-सावंतवाडीच्या महाविद्यालयांत. गादी, बादली, कुलूप, छत्री अशा यादीत अलीकडे आणखी एक ओळ दिसू लागली आहे, ती म्हणजे ‘लॅपटॉपला नेट जोडायचे कार्ड’. पालक दुकानात गेले की दुकानदार तीन-चार खोकी समोर मांडतो. एकावर १५० लिहिलेले असते, दुसऱ्यावर ६००, तिसऱ्यावर १३००. मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, असा सरळ हिशेब करून खरेदी होते.

माझ्या भाचीसाठी मीही याच हिशेबाने सर्वांत मोठ्या आकड्याचा वाय-फाय डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचे छोटे कार्ड, घेतला होता. तिच्या खोलीत पोहोचल्यावर कळले की मजल्यावरचा वाय-फाय जिन्यापाशीच संपतो, आणि खोलीत मात्र पलंगामागे भिंतीत लॅनचा, म्हणजे तारेने नेट जोडण्याचा, सॉकेट बसवलेला आहे. तिचा लॅपटॉप पातळ असल्यामुळे त्याला तारेची खाचच नव्हती. हवे होते दुसरेच कार्ड, आणि ते घेतलेल्या डोंगलपेक्षा स्वस्त होते. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक पालकाला एकच गोष्ट सांगतो. कार्ड निवडताना पहिला प्रश्न कार्डाचा नसतो, खोलीचा असतो. तो का, हे समजून घेण्यासाठी थोडे मुळापासून पाहावे लागेल.

नेटवर्क कार्ड नेमके काय करते?

संगणकाच्या आत सगळी माहिती शून्य आणि एक या दोनच खुणांत साठवलेली असते. यातल्या प्रत्येक खुणेला बिट म्हणतात. तारेतून मात्र विजेचे संकेत जातात आणि हवेतून रेडिओलहरी. या दोन जगांच्या सीमेवर बसून इकडचा माल तिकडे चढवणारा आणि तिकडचा इकडे उतरवणारा भाग म्हणजे नेटवर्क कार्ड. मिरकरवाड्याच्या जेटीवर जसा होडीतला माल टोपल्यांतून उतरतो आणि बर्फात भरून ट्रकमध्ये चढतो, तसेच हे काम आहे. जेटी मासे पकडत नाही आणि बाजारात विकतही नाही. ती फक्त समुद्र आणि रस्ता यांना जोडते.

तारेच्या जोडणीला इथरनेट म्हणतात. तिची मूळ कल्पना १९७३ साली अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली, आणि १९८३ मध्ये तिचे सर्वमान्य मानक ठरले. वाय-फायचे पहिले मानक १९९७ चे. मानक ठरलेले असल्यामुळेच कोणत्याही कंपनीचे कार्ड कोणत्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू शकते, आणि म्हणूनच ‘वसतिगृहात अमुकच कंपनीचे कार्ड चालते’ असे कोणी सांगितले तर त्याला कारण विचारावे.

कार्ड आज वेगळ्या पट्टीच्या रूपात क्वचितच दिसते. टेबलावरच्या संगणकात ते मुख्य फळीवरच बसवलेले असते, लॅपटॉपमध्ये वाय-फायचे कार्ड आत असते, आणि बाहेरून घ्यायचे कार्ड म्हणजे बहुधा यूएसबीला लावायचा बोटभर अडॅप्टर. या लेखात कार्ड हा शब्द या सगळ्यांसाठी वापरला आहे.

खोक्यावरचा आकडा कसा वाचावा?

वेग मोजण्याचे एकक एमबीपीएस, म्हणजे दर सेकंदाला किती दशलक्ष बिट. फाइलचा आकार मात्र आपण एमबीत सांगतो, आणि तिथे ‘बी’ म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. आंब्याचा भाव एकाने नगावर सांगितला आणि दुसऱ्याने डझनावर, तर जसा घोटाळा होईल तसाच इथेही होतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. ‘शंभरची लाइन आहे, पण बाराच दिसतात’ अशी तक्रार घेऊन अनेक मुले रेक्टरकडे जातात. त्यांची जोडणी ठणठणीत असते.

वाय-फाय डोंगलवरच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. वाय-फाय मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतो. ‘एसी ६००’ (एसी हे वाय-फायच्या एका पिढीचे नाव) लिहिलेल्या डोंगलवर पहिल्या पट्ट्याचे १५० आणि दुसऱ्याचे ४३३ यांची बेरीज करून ती वर नेऊन छापलेली असते. ‘एसी १३००’ म्हणजे ४०० आणि ८६७ यांची बेरीज. लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. शिवाय तो आकडाही अगदी जवळ, मोकळ्या हवेत आणि दुसरे कोणी नसताना मिळणाऱ्या संकेताचा असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी चांगले म्हणायचे.

महाग कार्ड घेतले तर नेट वेगवान होईल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा नाही असे आहे. सुपारीच्या वाडीत पाटाचे पाणी कसे फिरते ते आठवावे. डोंगरातल्या झऱ्यावरून पाट निघतो, वाटेत त्याला फाटे फुटतात आणि शेवटी पाणी आळ्यात पोहोचते. आळे कितीही रुंद खणले तरी वरचा पाट अरुंद असेल तर पाणी तेवढेच येणार. महाविद्यालयाची मुख्य जोडणी हा झरा, इमारतीतला स्विच म्हणजे तारा वाटून देणारी पेटी हा फाटा, आणि आपले कार्ड हे शेवटचे आळे.

समजा, महाविद्यालयाकडे १,००० एमबीपीएसची म्हणजे एक गिगाबिटची जोडणी आहे आणि वसतिगृहात ४०० मुले राहतात. रात्री दहाला सगळी एकदम व्याख्यान पाहायला बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस येतात. सगळी एकदम बसत नाहीत म्हणून गाडा चालतो, पण रात्रीची संथ गती ही कार्डाची चूक नसते. त्याशिवाय बऱ्याच ठिकाणी प्रत्येक खात्याला दहा किंवा वीस एमबीपीएसची मर्यादा घातलेली असते. स्वच्छ दिसणाऱ्या व्हिडिओला साधारण पाच एमबीपीएस लागतात, त्यामुळे ही मर्यादा अभ्यासाला पुरते. मात्र तिच्यापुढे १३०० चा डोंगल आणि १५० चा डोंगल यांत फरक उरत नाही.

मग कार्ड कोणतेही चालेल का? तसेही नाही. खराब कार्ड झऱ्याचे पाणी वाढवू शकत नसले तरी आहे ते वाया घालवू शकते. जोडणी तुटत राहणे, खोलीत संकेत न पोहोचणे, लॅपटॉप झोपेतून उठल्यावर कार्ड न दिसणे, या सगळ्या त्रासांचे मूळ कार्डात असू शकते. म्हणून निवड वेगाच्या आकड्यावर करू नये. खोलीला काय लागू पडते आणि काय अखंड चालते, हे पाहून करावी.

वाय-फाय असताना तार कशाला?

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण कोकणात त्याचे उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा वेगळे येते. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इमारती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. नऊ इंच ते फूटभर जाडीची ही भिंत उन्हाळ्यात गारवा देते, पण रेडिओलहरींना ती चांगलीच अडवते. त्यात जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झची लहर जाड भिंतीतून २.४ पेक्षाही लवकर क्षीण होते. मे महिन्यात खोलीत दोन कांड्या दिसणारा वाय-फाय जुलैत गायब झाला तर त्यात नवल मानू नये.

दुसरे कारण गर्दीचे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे हे आपल्याला पाठ झाले आहे. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी स्थानकात क्रॉसिंगसाठी उभी राहते. वाय-फाय नेमका असाच चालतो. एका वाहिनीवर एका क्षणी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, आणि जाणे-येणे दोन्ही त्याच रुळावरून. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींना न अडवणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत: १, ६ आणि ११. मजल्यावर पन्नास मुलांचे फोन, लॅपटॉप आणि वर त्यांचे हॉटस्पॉट असले तर तीन रुळांवर किती गाड्या उभ्या राहतील याची कल्पना करावी. तारेत मात्र प्रत्येक खोलीपासून स्विचपर्यंत स्वतंत्र दुहेरी मार्ग असतो. जाणारे संकेत आणि येणारे संकेत एकमेकांची वाट पाहत नाहीत. ऑनलाइन परीक्षेला किंवा मुलाखतीला बसणाऱ्या मुलासाठी हा फरक वेगाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की खोलीत लॅनचा सॉकेट असेल आणि तो चालू असेल तर तारेचेच कार्ड घ्यावे.

तारेचे कार्ड घेताना

लॅपटॉपला रुंद चौकोनी खाच असेल, जिच्यात टेलिफोनच्या पिनेसारखी पण मोठी, आठ संपर्कांची आरजे-४५ पिन बसते, तर नवे काही घेण्याची गरजच नाही; चांगली केबल आणावी आणि काम संपले. खाच नसेल तर यूएसबी ते इथरनेट अडॅप्टर घ्यावा. तो दोन प्रकारांत मिळतो, शंभर एमबीपीएसचा आणि गिगाबिटचा. वर सांगितलेल्या मर्यादा पाहता शंभरचाही बहुतेकांना पुरेल, पण किमतीतला फरक थोडा आहे आणि वस्तू चार वर्षे वापरायची आहे, म्हणून गिगाबिटचाच घ्यावा. साधारण हजार ते पंधराशे रुपयांत तो मिळतो.

अडॅप्टरची पिन आपल्या लॅपटॉपच्या खाचेची आहे ना, हे आधी पाहावे. नव्या लॅपटॉपला बारीक टाइप-सी खाचा असतात. गिगाबिट अडॅप्टर यूएसबी ३.० चा असावा, कारण जुन्या यूएसबी २.० ची स्वतःचीच कमाल मर्यादा ४८० एमबीपीएस आहे. यूएसबी ३.० च्या रुंद खाचेतली जीभ बहुधा निळी असते. यापुढे एकच गोष्ट तपासण्यासारखी आहे, ती म्हणजे आतली चिप. खोक्यावर कंपनीचे नाव कोणतेही असो, आत काम करणारी चिप दोन-तीन निर्मात्यांचीच असते. रिअलटेकची आरटीएल ८१५३ किंवा एसिक्सची एएक्स ८८१७९ या चिपा विंडोज आणि लिनक्स दोन्हींना अनेक वर्षांपासून परिचित आहेत. चिपचे नाव कुठेच न लिहिलेली स्वस्त वस्तू टाळावी.

केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ ची घ्यावी. दोन्ही प्रकार गिगाबिट वेग शंभर मीटरपर्यंत नेतात, त्यामुळे खोलीतल्या तीन मीटरसाठी त्याहून महाग केबल घेण्यात अर्थ नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभरच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कार्ड गिगाबिटचे असूनही लॅपटॉप जोडणी शंभरचीच दाखवत असेल तर बहुधा एखादी तार तुटलेली असते, किंवा जुन्या वायरिंगमध्ये एकाच केबलच्या दोन-दोन जोड्या काढून दोन खोल्यांना वाटलेल्या असतात, किंवा मजल्यावरचा स्विचच शंभरचा असतो. अशा वेळी कार्ड बदलून काहीही साधत नाही.

टेबलावरच्या संगणकातली मूळची खाच निकामी झाली असेल तर आत बसवायचे पीसीआय एक्सप्रेस कार्ड मिळते, आणि त्याची सर्वांत लहान खाच गिगाबिटला पुरून उरते.

खोलीत फक्त वाय-फायच असेल तर?

तर आधी लॅपटॉपच्या आतले कार्ड तपासावे. गेल्या सहा-सात वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ते दोन्ही पट्ट्यांवर चालणारे असते आणि बाहेरून दुसरे घेण्याची गरज नसते. लॅपटॉप जुना असून त्याला फक्त २.४ चा पट्टा दिसत असेल, तर नवा डोंगल घेण्यात खरा फायदा आहे. त्यासाठी ‘ड्युअल बँड’ हे शब्द पाहावेत. नुसते ‘एन १५०’ किंवा ‘एन ३००’ लिहिलेले डोंगल बहुधा जुन्या, गर्दीच्या पट्ट्यावरच चालतात.

नखाएवढे डोंगल दिसायला सोयीचे असतात, पण त्यांचा अँटेनाही नखाएवढाच असतो. जांभ्याच्या भिंतीपलीकडचा संकेत पकडायचा तर बाहेर अँटेना असलेला आणि हातभर वायरीवर लावता येणारा डोंगल घ्यावा. वायरीचा दुसराही उपयोग आहे: यूएसबी ३.० च्या खाचेतून निघणारा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, त्यामुळे डोंगल खाचेपासून थोडा दूर, दाराच्या बाजूला ठेवला की संकेत सुधारतो.

वाय-फाय ६ चे डोंगल घ्यावे का? या पिढीत एका फेरीत अनेक उपकरणांचा माल थोडा थोडा वाटून नेण्याची सोय आहे, म्हणून गर्दीत तिचा उपयोग होतो. पण मजल्यावरचे वाय-फाय देणारे यंत्रही त्याच पिढीचे असेल तरच. ते जुने असेल तर जास्तीचे पैसे वाया जातात. लिनक्स वापरणाऱ्यांनी डोंगलच्या चिपबाबत अधिक काटेकोर राहावे. मीडियाटेकची एमटी ७६१२यू यासारखी चिप लिनक्समध्ये वेगळे काही न बसवता चालते, आणि अशी चिप शोधण्यात घालवलेला अर्धा तास पुढचे कित्येक तास वाचवतो.

अर्जावर विचारलेला मॅक पत्ता म्हणजे काय?

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच बारा अक्षरांकांची ओळख दिलेली असते, तिला मॅक पत्ता म्हणतात. गाडीच्या क्रमांकातल्या एमएच-०८ वरून जशी ती रत्नागिरीची आहे हे कळते, तसे या पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांकांवरून कार्ड कोणत्या निर्मात्याचे आहे ते कळते. अनेक वसतिगृहे हा पत्ता नोंदवून घेतात आणि नोंद नसलेल्या कार्डाला नेट देत नाहीत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली अशी की पत्ता लॅपटॉपचा नसतो, कार्डाचा असतो. एकाच लॅपटॉपच्या वाय-फायचा पत्ता वेगळा आणि यूएसबी अडॅप्टरचा वेगळा. नोंदणीनंतर अडॅप्टर बदलला की नोंदणी पुन्हा करावी लागते, म्हणून अडॅप्टर आधी घ्यावा आणि अर्ज नंतर भरावा. दुसरी अशी की फोन आणि काही लॅपटॉप आता गोपनीयतेसाठी वाय-फायवर बनावट, बदलता पत्ता दाखवतात. नोंदणीच्या वाय-फायपुरती ती सोय बंद करावी लागते. आणि आपला अडॅप्टर मित्राला उसना दिला तर त्याने जे काही केले त्याची नोंद आपल्या नावावर पडू शकते, हेही मुलांना घरूनच सांगून पाठवलेले बरे.

स्वतःचा राउटर नेला तर?

एक सॉकेट आणि खोलीत तीन मुले, म्हणून हा विचार येणे स्वाभाविक आहे. पण रेक्टरला विचारल्याशिवाय राउटर लावू नये, आणि यामागचे कारण निव्वळ शिस्तीचे नाही. जाळ्यात आलेल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता क्रमांक वाटून देण्याचे काम मुख्य यंत्रणेकडे असते. घरगुती राउटरही हेच काम करतो. भिंतीतली तार त्याच्या चुकीच्या खाचेत लावली तर तो आपल्या खोलीऐवजी सगळ्या मजल्याला आपले क्रमांक वाटू लागतो, आणि चाळीस खोल्यांचे नेट एकदम बंद पडते. परवानगी मिळाली तर तार केवळ ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेतच लावावी.

फोनच्या हॉटस्पॉटवर चार वर्षे काढता येतील का, असेही विचारले जाते. डोंगरकुशीतल्या आवारात फोनचा संकेत कसा आहे यावर ते अवलंबून आहे. अडीनडीला हॉटस्पॉट उत्तम. रोजच्या व्याख्यानांना आणि मोठ्या फाइलींना त्याची रोजची मर्यादा पुरत नाही.

फोनचा एक उपयोग मात्र पहिल्याच दिवशी होतो. नवे कार्ड ओळखण्यासाठी संगणकाला ड्रायव्हर नावाचे छोटे सॉफ्टवेअर लागते, आणि ते उतरवायला नेट लागते, जे अजून जोडलेलेच नसते. अशा वेळी अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. फोन स्वतःच तात्पुरते नेटवर्क कार्ड होतो. त्याहून बरे म्हणजे घर सोडण्यापूर्वीच घरच्या जोडणीवर कार्ड एकदा लावून पाहावे.

खारी हवा, वीज आणि बंद पडलेले दिवे

दिवे गेले की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण नेट तुटते. कारण व्हरांड्यातल्या स्विचला बॅटरी नसते. त्यासाठी कार्डाला दोष देऊ नये. मालवण, वेंगुर्ले, गुहागर अशा किनाऱ्यालगतच्या ठिकाणी खाऱ्या दमट हवेने पिनांच्या संपर्कांवर थर चढतो आणि जोडणी मधूनच तुटू लागते. केबल काढून दोन-तीनदा पुन्हा बसवली की बहुधा ती सुरळीत होते. सुटीत घरी येताना अडॅप्टर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि केबल विकत घेतानाच सोनेरी मुलामा दिलेल्या संपर्कांची घ्यावी.

विजेचे मात्र गांभीर्याने घ्यावे. दोन इमारतींमध्ये काचतंतूची केबल असेल तर तिच्यातून विजेचा झटका येत नाही, पण बऱ्याच जुन्या आवारांत गच्चीवरून तांब्याची केबलच ओढलेली असते. जवळपास वीज पडली तर झटका त्या तारेतून थेट लॅपटॉपपर्यंत येऊ शकतो. मेअखेरीस पाऊस येण्याआधी आणि ऑक्टोबरात तो परतताना संध्याकाळी ढग गडगडू लागले की मुले चार्जर काढतात, पण लॅनची केबल तशीच राहते. तीही भिंतीच्या सॉकेटमधून काढून ठेवावी.